शिंदखेड्याहून आलेलं माप

६ एप्रिल १९९२, सोमवार. जळगाव

वही आणून दोन महिने झाले. पहिल्या पानावर नाव लिहिलं, खाली फुलं काढली आणि ठेवून दिली. रोज उद्या, उद्या. आज लिहितेय कारण जेवताना भलतंच बोलून बसलेय आणि सांगायला कुणी नाही.

दादाचं लग्न आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लगेच, शिंदखेड्याला. दुसऱ्या दिवशी इथे जळगावला स्वागत समारंभ. दादाच्या नाशिकच्या कारखान्यातले साहेब येणार, बायकांसकट. दादाचं म्हणणं, नलूने (नवी वहिनी) तेव्हा साडी नको, गाऊन घालावा. मुंबईहून आणायचं म्हटल्यावर नाना (वडील) म्हणाले, तेवढ्या पैशात माझा मांडव होतो. मी जेवता जेवता बोलून गेले, "मी शिवते की."

आई हसली. "तू? बारावी अर्धी, नर्सिंग अर्धं, शिवणक्लास तीन आठवडे. भटकभवानी!"

हसली नसती तर मी विषय सोडला असता.

दादा नंतर ओट्यावर येऊन हळूच म्हणाला, "बेबे, साहेब येणारेत. सांभाळ."

८ एप्रिल, बुधवार

मी अगदीच हवेत नव्हते बोलले. सुरतेला मामाकडे चार महिने होते तेव्हा वरच्या मजल्यावर आफ्रिकेहून आलेली गुजराती बाई राहायची. तिचा एक झगा होता. खाली पूर्ण गोल घेर, कमरेला पट्टी, आणि पट्टीतून निघालेले दोन लांबच लांब पट्टे. ते छातीवरून कसेही गुंडाळायचे. दोन्ही खांद्यांवरून, मानेमागे, एकाच खांद्यावरून, नाहीतर पाठीवर फुली. झगा एक, पण दर वेळी नवा दिसायचा. मागची गाठ मी मारून द्यायचे. हूक नाही, बटण नाही, अंगाबरोबर बसवायचे टक्स नाहीत. क्लासात मी परकरापर्यंत पोचले होते. हा म्हणजे परकर आणि दोन पट्टे, बस.

नाना देतील तेवढ्यातच बसवायचं. कटपीसवाल्याला म्हटलं, "ताणणारं पाहिजे. बनियनसारखं, पण चमकणारं."
"ताई, बनियन चमकत नसतं."
शेवटी ढिगाखालून वांगी रंगाचं निघालं. एक काठ उन्हाने विटलाय, म्हणून स्वस्त. तो काठ खाली दुमडीत जाईल. दोरा घ्यायला गेले ती बांगडीवाल्याकडे तासभर. दोरा राहिलाच.

११ एप्रिल, शनिवार. धुळे

मशीन अक्काकडे (मोठी बहीण, सासर धुळे). म्हणून आज निघाले. पारोळ्याला गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला. किल्ला दिसत होता. नुसतं दारापर्यंत जाऊन येऊ म्हटलं. आले तर गाडी गेलेली, कापडाची पिशवी आतच. पुढच्या गाडीने आले. धुळे स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलावर पिशवी, कंडक्टर शेजारी बसलेला. "काय ताई, कापडाला धुळ्याला धाडून तुम्ही कुठे उतरल्या होत्या?"

अक्काला सांगितलेलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

शिंदखेड्याहून मापाचं ब्लाउज आलं. लग्न जमवणारे काका वर्तमानपत्रात गुंडाळून देऊन गेले. आपल्यात मुलीला कुणी टेप लावत नाही, तिच्या घरून ब्लाउज येतं, त्यावरून सगळं शिवायचं.

मी घालून पाहिलं. माझ्यासारख्या दोघी मावतील.

फेब्रुवारीत मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तिच्या शेजारीच सतरंजीवर बसले होते. हे हडकुळं मनगट. पोहे देताना बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या होत्या. मग हे ब्लाउज कुणाचं?

अक्का म्हणाली, "आया सैलच पाठवतात. लग्नानंतर अंग भरतं."
"एवढं?"
अक्का भाजी ढवळत बसली. तिची सासू (मी मावशी म्हणते) दळण निवडत होती, तिथूनच म्हणाली, "मन्हा माहेरले असंच झायं. दखाडी धाकली, दिन्ही मोठी."

दाखवली एक, दिली दुसरी. आता तेच डोक्यात. घरी कळवलं आणि निघालं काहीच नाही, तर लग्न माझ्यामुळे मोडणार. नाही कळवलं आणि...

१६ एप्रिल, गुरुवार

भावजींच्या जुन्या धोतरावर सराव केला. घेरासाठी कापड चौपदरी घडी करायचं आणि घडीच्या टोकाला कमरेचा पाव गोल कापायचा. मी टोकाला अख्खी कंबर मोजून कापली. उघडलं तर एवढं भगदाड की भावजी त्यात शिरून अंगणात फिरले. "ही लग्नाची की तंबूची ऑर्डर?" मावशी पदर तोंडाला लावून, "हाऊ झगा कोन घाली वं?"

मलाही हसू आलं. नंतर नाही. धोतर होतं म्हणून बरं. वांगी कापड एवढंच आहे, दुसरं मिळणार नाही. पट्टेही अंगाच्या बेताने रुंद हवेत, नाहीतर साहेबांच्या बायकांसमोर भलतंच. आणि अंग कुणाचं तेच ठाऊक नाही.

१८ एप्रिल, शनिवार

सरळ तिलाच विचारावं. यापेक्षा सोपं काय? पोस्टकार्ड लिहिलं: "सौ. होणाऱ्या वहिनींना नमस्कार. आलेलं ब्लाउज तुमचं आहे का? कंबर व छाती किती ते खरं कळवा. घरात कुणाला सांगू नका. आपली नणंद बेबी." खाली अक्काचा पत्ता. पेटीत टाकलं आणि कुल्फी खाल्ली. किती दिवसांनी गार वाटलं.

जेवताना अक्काला सांगितलं. तिची पोळी तव्यावरच राहिली.
"कार्डावर लिहिलंस? उघड्या?"
"पाकीट नव्हतं."
"कंबर, छाती! आणि वर, घरात सांगू नका!"
मावशी: "तुना डोकामा काय शे वं पोरी? पोस्टमन वाची, सरपंच वाची, बठ्ठं गाव वाची!"

माझ्या डोक्यात आलंच नाही. खरंच नाही आलं.

२० एप्रिल, सोमवार

काल रविवार, पेटी उघडणार नाही म्हणून आशा. आज सकाळी सहापासून पेटीजवळ उभी. पोस्टमन आला, हात जोडले. "टाकलेलं पत्र परत देता येत नाही. लव्ह लेटर का?" नाही म्हटलं. "मग घाबरता कशाला?"

कार्ड माझ्या डोळ्यांसमोर थैल्यात गेलं. माझं अक्षरही दिसलं.

२३ एप्रिल, गुरुवार

उत्तर नाही. थांबून काय करू, कापलं. कमरेचं भोक लहानच ठेवलं. लहानाचं मोठं करता येतं, मोठ्याचं लहान करायला चुण्या घालाव्या लागतात. कात्री लावताना अक्काला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं.

कापड मशीनखाली जिवंत असल्यासारखं सरकतं. सुई टाके गाळते. ताणलं की दोरा तट्कन तुटतो. मावशीच्या नातीला परकर शिवणारी शेजारीण म्हणाली, खाली वर्तमानपत्र धर, शिवून झालं की फाडून टाक. तसं केलं, शिवण सरळ आली! पण कागदाचे कपटे टाक्यात अडकलेत. सुईच्या टोकाने दुपारभर एकेक काढले. वाचत वाचत काढले म्हणून वेळ लागला. कुठल्या तरी विहिरीची बातमी होती, शेवट मिळाला नाही.

२५ एप्रिल, शनिवार

नानांचं पत्र. पाकिटात. माझ्या नावाने नाही, भावजींच्या.

कार्ड पोचलं. पोस्टातून दुकानात, दुकानातून चावडीवर. मुलीचे वडील म्हणाले, आमच्या मुलीची कंबर गावात विचारणारं घर आम्हाला नको, नाहीतर समोर येऊन खुलासा करा. नाना आणि दादा रविवारी जाणार. दादा दोन दिवस नीट जेवलेला नाही. शेवटची ओळ: "तिला सांगा, तूर्त जळगावला येऊ नये."

भावजी वाचून दाखवत होते, मी जमिनीकडे बघत होते. नंतर अक्का म्हणाली, "तू शिव. हाताला काम असू दे."
"लग्नच नसेल तर कुणासाठी?"
"शिव म्हटलं ना."

आणि एक. सकाळपासून मनात येतंय. हा झगा दादाला पाहिजे, साहेबांसाठी पाहिजे, मला माझा हट्ट पुरवायला पाहिजे. तिला घालायचाय का, हे त्या कार्डावरसुद्धा मी विचारलं नाही. पाठ उघडी राहते त्यात, पट्टे नीट नाही घेतले तर.

२७ एप्रिल, सोमवार

काल शिंदखेड्याला काय झालं, कळलं नाही. नाना परस्पर जळगावला गेले असतील. भावजी म्हणतात, वाईट असतं तर रात्रीच निरोप आला असता. अक्का म्हणते, चांगलं असतं तरी आला असता.

पट्टे लावून झाले. डावा उजव्यापेक्षा वीतभर लांब निघाला. उसवायला घेतला, अर्धा उसवून खिडकीत जाऊन उभी राहिले. ऊन एवढं की गल्लीत कुत्रं नाही. स्टँडकडून एक बाई येताना दिसली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी, घरांचे नंबर बघत. कुणाकडे पाहुणी असेल म्हणून परत मशीनवर बसले.

आपल्याच दाराची कडी वाजली. मावशी उठली. मग अक्काचा आवाज, एकदम वेगळा, "बेबे, बाहेर ये. लवकर."

नलू आहे. तीच, सतरंजीवरची, तेवढीच हडकुळी. एकटी आलीय, सकाळच्या गाडीने, घरी कुणाला न सांगता. मला बघून म्हणाली, "कार्ड तुम्हीच लिहिलं ना?" मी नुसती मान हलवली. मावशीने, "बस वं माय, पहिले पानी पे," म्हणून तिला हाताला धरून आत नेलं.

आता ती मोरीत तोंड धुतेय तोवर एवढं लिहून घेते. अक्काने विचारलं, शेजारच्यांकडे फोन आहे, जळगावला लावू का शिंदखेड्याला? तर ती आतूनच म्हणाली, "कुठेच नका लावू. आधी मला ह्यांच्याशी बोलायचंय."

ह्यांच्याशी म्हणजे माझ्याशी.