लॅपटॉपमधले धवले

३ फेब्रुवारी

टक टक टक. मग गप्प. परत टक टक. दिवा लावल्यावर रोजच्यासारखा भरतचा लॅपटॉप उघडला, सासूच्या आवाजातलं गणपतीचं गाणं, धवला, ऐकायला. निळा पडदा, त्यावर इंग्रजी. दोन थापट्या मारल्या. काही नाही.

भरतला फोन केला, तो द्रोणागिरीला गोदामात कामाला. म्हणतो, ‘आये, हात नको लावू.’

हात नको लावू म्हणजे? एकवीसला मनिषाची हळद आहे, त्याच्या बहिणीची. धवले म्हटल्याशिवाय देव मांडवात येतील का? माझी सासू सोनाबाई धवलारीण, अर्ध्या तालुक्याच्या हळदी तिने म्हटल्या. दिवाळीत गेली. आहे ते सगळं या डब्यात. भरत ओटीवर बसून तिचं गाणं लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा, मी आत मासे साफ करत असायचे. लग्नाचे धवले लग्नाशिवाय ऐकू नयेत, म्हणून मी रोज फक्त गणपतीचा लावायचे. बाकीचे मनिषासाठी राखलेले.

४ फेब्रुवारी

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. मनिषाचा फोन मोरीत पडला तेव्हा असाच बरा झाला होता.

५ फेब्रुवारी

काढून लावून बघितला. टकटक वाढली.

७ फेब्रुवारी

पनवेलला अदीबच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने उलटा केला तर टेबलावर तांदूळ. ‘काकी, बिर्याणी करायची होती का?’

मी म्हटलं, तोंड कमी चालव.

आत चकती फिरते म्हणे, आणि तिच्यावरचं वाचणारं टोक बिघडलंय. ‘बिघडल्यावर किती वेळा चालू केलात?’ रोज, म्हटलं, सकाळ-संध्याकाळ. बरा झाला का बघायला. त्याने कपाळाला हात लावला. दर वेळी चकती थोडी खरवडली जाते.

म्हणजे मीच खरवडली? तापलेल्या पोराच्या अंगाला हात लावून बघतोच ना आपण! नाही बघितलं तर कळणार कसं? माझं डोकं चालेना. ठेवून आले.

९ फेब्रुवारी

बेलपाड्याच्या धवलारणीला विचारलं. एकवीसला ती दुसरीकडे. वर म्हणते, ‘सोनाबाईच्या घरी मी कशाला? तू हायस ना, कमळे.’

थट्टा करते मेली. मी जायचे ती सासूची पिशवी उचलायला. मागे बसून ओळ ओढायची, एवढंच. एक शब्द चुकला की मांडीवर चापट.

१३ फेब्रुवारी

अदीब म्हणतो, जेवढं वाचता येतंय तेवढं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतोय. मध्येच थांबवून गार करतो. घाई केली तर आहे तेही जाईल. घाई नको! मांडवाचे बांबू आले दारात.

१६ फेब्रुवारी

गणपतीचा गेला. बाकीचेही बहुतेक गेले. एकच पूर्ण निघाला, हळदीचा. अदीबने लावला. सासूने दोन ओळी म्हटल्या, खोकली, आणि पुढे दुसरीच बाई. घोगरा, जाड आवाज, लांबून येणारा.

ही कोण? म्हटलं, दुसऱ्या गिऱ्हाईकाचं मिसळलंस माझ्यात.

‘काकी, अल्ला कसम, तुमच्याच डिस्कमधलं आहे.’

खूप बोलले त्याला. दुकानात माणसं बघत होती. त्याने धवला भरून ठेवलेला पेन ड्राइव्ह हिसकावून घेतला नि आले.

१७ फेब्रुवारी

पण धवला आमचाच. ओळ न् ओळ आमची. मग ही बाई कोण? सासूने मला न सांगता कुणाला शिकवलं? मी एवढी वर्षं पिशवी वाहिली, मला कधी पुढे बसवलं नाही. आणि हिला सगळं दिलं?

सासू मध्ये एकदाही टोकत नाही तिला. एकदाही नाही.

१८ फेब्रुवारी

मनिषाला ऐकायला दिलं. म्हटलं, बघ तुझ्या आजीची लाडकी कोण ती. ती ऐकत बसली आणि हसायलाच लागली. ‘आये, तू पूर्ण ऐकलंस का?’ इअरफोन कानात घातला माझ्या.

ती बाई धवला मध्येच सोडून ओरडते, ‘मनिषे, मांजर बघ गो, बोंबील नेला!’ आणि सोडली तिथूनच पुढची ओळ धरते.

मी असं म्हणते? मला वाटायचं मी नुसती गुणगुणते.

मग अगदी जवळून सासूचा आवाज, दम लागलेला. भरतला सांगते, ‘बंद नको करू रे. माझा धवला राहिला तर राहू दे. कमळा म्हणते ना आत, ते भर.’

१९ फेब्रुवारी

अदीबला बोंबलाची चटणी देऊन आले.

२१ फेब्रुवारी

पेन ड्राइव्हमधला धवला वाजवायला स्पीकरवाला आला होता. परत पाठवला. पाट पुढे ओढून घेतला नि पहिली ओळ धरली.