दोन राज्यांतून एक डॉक्टरीण

१ जानेवारी
नवी डायरी. कीटकनाशकाच्या कंपनीने दुकानदारांना फुकट दिली आहे, त्यामुळे दर महिन्याच्या पानावर एका अळीचा फोटो. जानेवारीला गुलाबी बोंडअळी. हरकत नाही.

यंदा संकल्प एकच. प्रणालीला सरकारी कॉलेजात एमबीबीएसची सीट. कृषी केंद्राची उधारी, माझं बीपी, मॉर्निंग वॉक, हे सगळं निकालानंतर.

प्लॅन लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं की कसं जमवलं, तर विसरायला नको. पोरीची दहावी इथली, सौंसरची. अकरावी-बारावीला मात्र मी तिचं नाव नरखेडच्या कॉलेजात घातलं, माझा साळा वीरेंद्र याच्या पत्त्यावर. ती तिकडे जाते ती फक्त प्रॅक्टिकलला. अभ्यास घरी, क्लास मोबाइलवर. म्हणजे दहावी मध्य प्रदेशची, बारावी महाराष्ट्राची. सीट इकडेही लागू शकते, तिकडेही. सीमेवर सगळेच राहतात, पण फायदा घ्यायला डोकं लागतं.

हे गावात कोणाला सांगायचं नाही. सगळे तेच करतील.

३ जानेवारी
भिवाजीला सांगावं लागलं. पानठेल्यावर तो पुतण्याच्या इंजिनीअरिंगचं फारच लावून बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, मंग पोट्टी आहे कुठची, विनोदभाऊ? मी म्हटलं, जिकडे सीट लागेल तिकडची. गप्प झाला. हरला की तो असाच गप्प होतो.

११ फेब्रुवारी
घरात अभ्यासाचं वातावरण निर्माण केलं आहे. टीव्हीचा रिचार्ज बंद. पाहुणे बंद. मिक्सर फक्त मी सांगेन तेव्हा. प्रणालीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून मी स्वतः बसतो. मुलांना आधार वाटला पाहिजे. दुकान कामावरचा पोरगा सांभाळतो आहे.

मलाही सोपं नाही. खोकला आला तरी अंगणात जावं लागतं. आपल्याच घरात कैद्यासारखं झालं आहे. पण तक्रार करणार नाही.

शेवटी बायको, जयश्री, म्हणाली, तुमी तिथून उठसान तवा ते पोट्टी बाथरूमले जाईन. खुर्ची थोडी मागे घेतली.

२ मार्च
पांढुर्ण्याला अश्विनीचं लग्न, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचं. प्रणाली म्हणाली, बाबा, एक दिवस जाऊन येतो ना आम्ही, हळदीले नाही, फक्त लग्नाले. समजावून सांगितलं की ही वेळ लग्नाला जायची नाही. जयश्री तिच्यासाठी घरी थांबली. घरचं कोणी तरी दिसायला हवं म्हणून मी गेलो.

मांडवात सगळ्यांनी विचारलं, प्रणाली कुठी आहे? मी म्हणायचो, अभ्यास. छाती भरून येत होती. गुलाबजाम बरे होते.

घरी आल्यावर प्रणालीने विचारलं, अश्विनीताई कशी दिसून राहिली होती? मी विचारलं, आज चॅप्टर किती झाले?

१९ मार्च
तिच्याबरोबर आपणही अभ्यास करायचा, असं ठरवलं. बायोलॉजी उघडलं. फार अवघड नाही. तीस वर्षं संत्र्याच्या झाडांना औषध देतो आहे. खोडाला डिंक्या लागला की साल बघून सांगतो. माणूस काय वेगळा असतो? हृदयाचा धडा वाचला. अर्ध्यातच डावा हात दुखायला लागला. पुस्तक परत ठेवलं. उद्यापासून केमिस्ट्री.

२० मार्च
केमिस्ट्री माझ्या प्रकृतीला मानवणार नाही.

६ एप्रिल
मोठं काम झालं. प्रणालीचा महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला आला. वीरेंद्रने तिचं नाव आपल्या रेशनकार्डावर घेऊन सगळं जमवलं. दाखल्यात लिहिलं आहे की ती लहानपणापासून नरखेडला राहते. यात खोटं काही नाही. दरवर्षी दिवाळीत मामाकडे जायची, उन्हाळ्यात जायची. त्या सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर बालपण तिकडेच गेलं म्हणायला हवं.

इकडचं डोमिसाइल, म्हणजे मूल निवासी दाखला, आहेच. असे दोन दाखले एका मुलीचे अख्ख्या तहसिलीत कोणाकडे नसतील.

प्रणालीला दाखवला. ती म्हणाली, बाबा, एकाच राज्याचं करा ना, मले मध्य प्रदेशच पायजे, छिंदवाडा मिळालं तरी चालते. लहान आहे. पुस्तकात हुशार असली तरी व्यवहार कळत नाही.

४ मे, रविवार
नीटची परीक्षा. सेंटर छिंदवाड्याला. गेटपर्यंत मी तिला शेवटच्या सूचना देत होतो. गेटवरच्या पोलिसाने दोनदा सांगितलं की पालकांनी मागे राहावं. मी म्हटलं, मी फक्त पालक नाही, सगळी तयारी माझ्याकडे आहे. तरी नाही सोडलं.

बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली फिजिक्स जड गेलं. घाट उतरेपर्यंत मी एकेक प्रश्न विचारत होतो, म्हणजे तिला हलकं वाटावं. रामाकोना गाव गेल्यावर तिने डोळे मिटून घेतले. थकली असेल.

१४ जून
निकाल! उत्तम मार्क! माझा हिशेब आहे की मध्य प्रदेशात पहिल्याच राउंडला सीट.

जयश्री रडली. प्रणाली हसली आणि मग तीही रडली. मी बाहेर जाऊन फटाक्यांची लडी लावली. पानठेल्यावर सगळ्यांना चहा पाजला. भिवाजी म्हणाला, पोट्टीनं नाव काढलं बाप्पा. मी म्हटलं, मेहनत घेतली आम्ही.

८ जुलै
भयंकर चूक वेळेवर लक्षात आली. प्रणालीच्या मूल निवासी दाखल्यावर जिल्हा छिंदवाडा आहे. पण नवा जिल्हा झाल्यापासून आपला जिल्हा पांढुर्णा! उद्या व्हेरिफिकेशनला कोणी अडवलं तर?

ऑनलाइन सेंटरवाला सुमेध म्हणाला, जुना दाखला चालते काका, कोनी विचारत नाही. हेच लोक मग मागाहून हात वर करतात. उद्याच पांढुर्ण्याला जाणार.

१७ जुलै
पांढुर्ण्याला पुन्हा एक चक्कर. साहेब मीटिंगमध्ये. बाकावर बसून डबा खाल्ला. दुकानातून फोनवर फोन. कपाशीच्या खताचा सीझन आहे आणि मी इथे अडकलो आहे. बाप होणं सोपं नाही.

२२ जुलै
नवा दाखला! जिल्हा पांढुर्णा! आता आपली फाइल बिनतोड आहे. लॅमिनेशन करणार होतो, सुमेधने हात धरला.

२५ जुलै
महाराष्ट्राचा फॉर्म भरला. वीरेंद्र तिकडून फोनवर सांगत होता, मी इकडे भरत होतो. प्रणालीला सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेते. तसाही ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. नंबर मुद्दाम सगळीकडे माझाच दिला आहे, म्हणजे तिला काही बघावं लागत नाही.

३० जुलै
मध्य प्रदेशचा फॉर्म सुमेधकडे बसून भरला. शेवटी एका रकान्यात टिक करायची होती. प्रणालीने मोठ्याने वाचलं की मी दुसऱ्या कोणत्याही राज्यात तिथली रहिवासी म्हणून अर्ज केलेला नाही. मग माझ्याकडे पाहून विचारलं, बाबा, तुम्ही तिकडचा भरला तर नाही ना? मी म्हटलं, तू टिक कर, असं सगळ्याच फॉर्मवर लिहिलेलं असतं. तिने पुन्हा विचारलं. तेवढ्यात ओटीपी आला आणि विषय संपला.

९ ऑगस्ट
महाराष्ट्राची यादी लागली. प्रणालीच्या नावापुढे लिहिलं आहे की राज्याच्या कोट्यात पात्र नाही, दहावी महाराष्ट्राबाहेरची. म्हणजे त्यांना दहावी आणि बारावी दोन्ही तिकडची हवी होती. हे वीरेंद्रने आधी सांगायला हवं होतं. त्याचं असंच असतं.

काही बिघडलं नाही. एक दार बंद, दुसरं उघडं. दोन दारं ठेवतात ती याचसाठी.

प्रणालीला आता कळलं की तिकडचाही फॉर्म भरला होता. खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

१८ ऑगस्ट
छिंदवाडा!!! पहिल्या राउंडला! हवं होतं तेच कॉलेज!

प्रणाली अंगणात उड्या मारत होती. पहिलीत असताना मारायची तशा. फ्लेक्स करायला टाकला. वर तिचा फोटो, खाली माझा, दुकानाचं नाव. बसस्टँडसमोर लावणार. जयश्री म्हणाली, पयले अॅडमिशन होऊ द्या ना. बायकांना उत्साह कमी असतो.

२० ऑगस्ट
हे लिहायचं नव्हतं. पण ठरवलं आहे की रोजनिशीत खरं लिहायचं.

आज छिंदवाड्याला कागद तपासणी. बसमध्ये प्रणाली म्हणाली, बाबा, ते नरखेडवालं फाइलीतून काढून ठेवा. मी म्हटलं, कागद जास्त असलेला बरा. तिने पुन्हा सांगितलं. हात जोडले. समोरच्या सीटवर ओळखीचे लोक होते, मी विषय बदलला.

टेबलावर एक मॅडम. स्वभावाने चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, मूल निवासी दिखाइए. मी नवा दाखला दिला आणि पांढुर्णा जिल्हा मुद्दाम बोट ठेवून दाखवला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही, बाजूला ठेवला. एवढ्या चकरा मारून आणलेला. मला वाटलं, यांच्यावर छाप पडलेली नाही. म्हणून मी दुसराही पुढे केला. म्हटलं, मॅडम, ये भी है हमारे पास, महाराष्ट्र का. डबल है.

मॅडमनी तो घेतला, नीट वाचला. चष्मा काढला. मग प्रणालीला विचारलं, बेटा, वहाँ भी रजिस्ट्रेशन किया था क्या? प्रणालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, हाँ मॅडम.

मॅडमनाही वाईट वाटलं, हे मी पाहिलं. तीनदा कोणाला तरी फोन केला. शेवटी म्हणाल्या, आपने लिख के दिया है कि नहीं किया. हम कुछ नहीं कर सकते, सीट रद्द होगी.

एक मागितला होता, मी दोन दिले.

परतताना बस भरलेली. ती पुढे उभी, मी मागे उभा.

२३ ऑगस्ट
निराश व्हायचं नाही. प्लॅन: जबलपूरला हायकोर्टात केस. वीरेंद्रच्या ओळखीचा वकील आहे. नाही तर भोपाळला जाऊन भेटायचं. कोणाला ते ठरलं नाही.

आज पांढुर्ण्याला गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा, सगळा बाजार बंद, त्यामुळे कोणी फोन उचलत नाही.

२६ ऑगस्ट
वकील म्हणाला, पोरीच्या सहीने खोटं लिहून दिलं आहे, वाढवाल तर पोरीलाच त्रास होईल. केसचा प्लॅन तात्पुरता मागे.

फ्लेक्सवाल्याचा फोन, तयार आहे, कुठी लावू? म्हटलं, ठेव सध्या.

भिवाजी पानठेल्यावर काहीच बोलला नाही. उलट माझ्यासाठी पान सांगितलं. त्याने काही बोलायला हवं होतं.

१ सप्टेंबर
मिक्सर आता कधीही चालतो. प्रणाली खोलीतच असते. बाहेर खुर्ची टाकून बसलो. जयश्रीने येऊन खुर्ची उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मी तेवढ्यात खुर्चीवरून उठलो होतो म्हणून बरं.

रागात नव्हती. म्हणाली, तुमी तिच्यासाठी लय केलं, आता तिले थोडं सोडा. मी म्हटलं, मी धरलं कुठे आहे?

७ सप्टेंबर
प्रणाली स्वतःहून बोलायला आली. पुढच्या वर्षी पुन्हा नीट देणार. क्लास लावायचा नाही, कुठे जायचं नाही, इथेच राहून, त्याच खोलीत. मला तर आनंदच झाला.

फक्त अटी घातल्या. फॉर्म ती भरणार, कागद तिच्या कपाटात राहणार. आणि निकाल लागेपर्यंत मी तिच्याशी नीट, मार्क, चॅप्टर, कॉलेज, यातलं काही म्हणजे काही बोलायचं नाही. एकेक अट बोटावर मोजत शेवटपर्यंत बोलली.

मी लगेच हो म्हटलं. त्यात काय? बापलेकीला बोलायला विषयांची कमी आहे का? पाहिजे तेवढे पडले आहेत. उद्यापासून जेवताना मोकळ्या गप्पा मारायच्या, असा संकल्प.

८ सप्टेंबर
संध्याकाळी जेवायला दोघंच. जयश्री शेजारी बोलायला गेली होती.

सुरुवात करणार होतो, आज किती, आणि थांबलो. मग म्हणणार होतो, त्या मॅडम, तेही थांबलं. तिच्या मैत्रिणीबद्दल विचारावं म्हटलं तर नाव आठवेना. अश्विनीचं लग्न आठवलं, पण त्या लग्नाला ती नव्हती. टीव्हीवर काय पाहते विचारावं तर टीव्ही मीच बंद केला आहे. गाणी आवडतात का, कोणती, मला माहीत नाही. ही माझी एकुलती एक मुलगी, जन्मापासून माझ्या घरात आहे, आणि तिच्याशी बोलायला माझ्याजवळ त्या एका गोष्टीशिवाय काही नव्हतं. तीच गोष्ट मी घालवली होती. फार भीती वाटली.

ती वाट पाहत होती असं वाटलं. मान खाली होती, पण जेवण थांबवलं होतं तिने.

शेवटी म्हटलं, वरण छान झालं आज, नाही?

ती म्हणाली, ते कढी आहे, बाबा.