आभाराच्या पानावरचं नाव

३ फेब्रुवारी
महाळुंग्यात पाटणकरांच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट दाबून काढतात त्या कारखान्यात, सर्व्हर सुरू झाला. जागा, वीज, इंटरनेट सगळं त्यांचं. आमचं पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आता कुणीही अंध माणूस फुकट उतरवून घेईल. साइटवर ‘मनःपूर्वक आभार’ असं पान केलं, पहिलं नाव त्यांचं. "लोगो नको हो ताई, नुसतं नाव पुरे." भला माणूस.

१९ मार्च
दिगूचा हात प्रेसमध्ये गेला. माझा मावसभाऊ. पाटणकरांकडेच कामाला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बिघडलेला, सगळ्यांना माहीत. ऑर्डर अर्जंट म्हणून मशीन चालूच. उजव्या हाताची बोटं गेली. मावशी बीडहून निघालीय.

२२ मार्च
हॉस्पिटल. दिगूच्या बायकोनं, रेखानं, मोबाइलवर आमची साइट उघडून माझ्यापुढं धरली. "ताई, ह्यांचे आभार मानता तुम्ही?"


२४ मार्च
निलेशशी भांडण. प्रोजेक्ट आम्हा दोघांचा. मी म्हटलं, नाव काढ. तो म्हणतो, "सर्व्हर त्यांनी दिला हे खोटं आहे का? आभार म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही." बरोबर बोलला, म्हणून जास्तच राग आला. दुसरा सर्व्हर नाही. अंधशाळेतल्या मुलांची परीक्षा तोंडावर.
शेवटी ‘मनःपूर्वक आभार’ खोडून ‘सर्व्हर कुणी दिला’ केलं. एवढ्यानं काय होतंय.

२९ मार्च
पाटणकरांचा फोन. आवाज पार बसलेला.
"माझं नाव काढून टाका ताई. लाज वाटते. सर्व्हर राहू द्या."
"दिगूला भेटलात?"
"धीर होत नाही."

२ एप्रिल
दिगू पुनावळ्याला खोलीवर आलाय. डाव्या हातानं चहा पितो, सांडतो. रेखा पुसते. साहेब नाव काढा म्हणतात, एवढं मी सांगितलं.
"काढू नको ताई. नाव काढून मोकळा होतो का तो?"
रेखा म्हणाली, "काढाच. मला ते डोळ्यासमोर नको."
मग दोघं एकमेकांकडं बघेनात. मी निघाले.

३ एप्रिल
ऑफिसला दांडी. सकाळपासून ते पान उघडून बसलेय. निलेशचा मेसेज: काय ठरलं?
पाटणकरांच्या खाली दिगूचं नाव लिहिलं. बघत राहिले. त्यानं काय दिलं म्हणून लिहू?
पुसलं. पाटणकरांचं अजून तिथंच आहे.