तुळस माझ्या खिडकीत आहे

प्रिय अनघा,

फोन करू नकोस असं तू म्हणाली होतीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ते या खेपेला बरंच आहे. रागावून फाडायच्या आत निदान अर्धं तरी वाचून होईल.

आधी बातमी. तुमच्या नागानोच्या घरात एकदाची ऊब आली. काचेमागे ज्योत दिसते ती गॅसची शेकोटी बसली. रविकांतकाका तिला फायरप्लेस म्हणतात, जयमालाकाकू शेकोटी म्हणतात आणि माझे मालक कितासावा-सान तिच्याबद्दल इतकं अदबीनं बोलतात, जणू घरात नवा जावईच राहायला आलाय. (हे वाक्य खोडायला हवं होतं. पण शाईनं लिहितोय, राहू दे.)

ती बसवायला मी होतो हे तुला कुणी सांगितलं नसणार. आपल्या त्या भांडणानंतर कोबेहून निघालो तेव्हा कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. गाड्या बदलत बदलत डोंगरात आलो. एका लहान स्टेशनाबाहेर हीटरच्या दुकानाच्या काचेवर 'मदतनीस हवा' असा कागद होता, आत एक म्हातारा चहा पीत बसला होता, तेच कितासावा-सान. बस, एवढंच. काकांनी शहरातलं फुनाबोरीचं ऑफिस सोडून डोंगरातलं जुनं रिकामं घर घेतलंय, ज्याला तू 'बाबांचं खूळ' म्हणायचीस, हे मला माहीत होतं. पण ते याच दरीत असेल हे, आईशप्पथ, माहीत नव्हतं. असंही म्हणत नाही की माहीत असतं तर आलो नसतो.

खांद्यावर ड्रिल घेऊन ट्रकमधून उतरलो तर दारात काका. माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "इंजिनिअरिंग अर्धवट टाकलंस ते माझ्या भिंती फोडायला होय रे?" मी फाडकन उत्तर देणार होतो. तेवढ्यात त्यांनी वाकून माझ्यापुढे स्लिपर ठेवल्या. वाकलेल्या माणसाला काय बोलणार?

काकांना शेकोटी खोलीच्या मधोमध हवी होती, चित्रात असते तशी, भोवती सोफे. कितासावा-सान नुसतेच मान हलवत राहिले. बाहेरची भिंत हवी, दुसरीकडे नाही. तिला पाइपात पाइप असतो अनघा, मोठ्याच्या पोटात लहान. आतल्यातून जळालेली हवा बाहेर जाते, भोवतालच्या पोकळीतून ताजी हवा ज्योतीकडे येते. खोलीतली हवा ती वापरतच नाही. मी हे काकूंना मराठीत समजावलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे सोवळ्यातली आहे म्हण की. आपल्यात मिसळत नाही, पण ऊब देते." मी हे कितासावा-सानना जपानीत सांगायला गेलो आणि सोवळ्यापाशी अडकलो. तू असतीस तर सांगितलं असतंस.

मला तुमचा आधीचा ग्योतोकुचा फ्लॅट आठवला. तिथल्या त्या छोट्या हीटरला पाइपच नव्हता, सगळा धूर, वाफ खोलीतच. म्हणून काकू थोड्या थोड्या वेळानं खिडकी उघडायच्या आणि तू पांघरूण डोक्यावरून ओढून जपानीत कुरकुरायचीस. मी कोनबिनी दुकानातली शिफ्ट संपवून संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलो होतो. पांघरुणातून तुझा फक्त एक हात बाहेर आला, तिळगुळासकट. चेहरा नाही, काही नाही. त्या दिवशी मी ग्योतोकुहून चालत कुठल्या कुठे गेलो, ट्रेननं जायचं विसरूनच गेलो.

तर भिंत. जुनी मातीची भिंत, आत बांबूची जाळी आणि भाताचा पेंढा. कापायला लागलो तशी सोनेरी धूळ उडाली, खळ्यावर उडते तशी. गोल तुकडा निघाला आणि त्या भोकातून एकदम सगळं दिसलं, पांढरा डोंगर, त्याच्याअलीकडे पानं झडलेलं पर्सिमनचं झाड आणि त्यावर लटकलेली केशरी फळं. एवढ्याशा गोलात एवढं मोठं दुपारचं आभाळ. मी डोळा लावून बघत राहिलो. वाटलं, आत्ता पलीकडून कोणीतरी डोळा लावील आणि तो डोळा मी ओळखीन.

तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ते सहज सांगितलं, खोबरं महाग झालंय असं सांगावं तसं. "पुढच्या महिन्यात प्रथमेशकडचे येतायत, योकोहामाहून. स्थळ चांगलंय, अनघा भेटायला हो म्हणालीय. म्हणून घाई रे, नाहीतर या थंडीत पाहुण्यांना बसवू कुठे?" काकूंना आपलं माहीत होतं की नव्हतं, तेव्हा मला कळलं नाही. कप तसाच ठेवला, ड्रिल तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसलो. तुला माहीत असलेलाच मी. वर्गातून असाच उठून आलो होतो, पुस्तकं बाकावर ठेवून.

कितासावा-सान मागून आले. काचेवरचं दव बाहीनं पुसलं आणि म्हणाले, संध्याकाळी बर्फ पडणार आहे आणि भोक उघडं आहे. एवढं बोलून आत गेले.

भोक उघडं आहे! कॉलेज उघडं टाकता येतं अनघा, नोकऱ्या टाकता येतात, त्याला वारा लागत नाही. पण तुझ्या आईच्या घराच्या भिंतीला मी पाडलेलं भोक, त्यातून बर्फ आत येणार, ते कसं टाकू? आणि कोबेच्या फलाटावर तू म्हणाली होतीस ते कानात होतंच. जपानीत म्हणालीस, म्हणजे खरंच चिडली होतीस, 'एक तरी गोष्ट शेवटपर्यंत कर, मग माझ्याशी बोल.' तुझी गाडी गेली, पण फलाटावर ते वाक्य तसंच उभं होतं.

परत आत गेलो. पाइप तापतो, त्याचा लाकडाला आणि पेंढ्याला स्पर्श होता कामा नये, म्हणून त्याच्याभोवती न जळणारी नळी बसवली. पाण्याचा थेंब आत न येता बाहेर जावा म्हणून पाइपाला बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला. बाहेरचं तोंड खिडकीपासून लांब ठेवलं आणि बर्फाचा थर चढेल त्याच्याही वर. गॅसचा जोड कितासावा-साननी स्वतः केला. मला अजून त्याला हात लावायची परवानगी नाही, परीक्षा वसंतात आहे. जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला, एकही बुडबुडा फुगला नाही. दोन अलार्म लावले. एक खाली जमिनीलगत, कारण सिलिंडरमधला गॅस गळला तर खाली बसतो. दुसरा वर, त्या विषारी वायूसाठी, ज्याला वासही नसतो आणि रंगही नसतो. काका मॅन्युअल घेऊन मागे उभे, प्रत्येक पायरीला "हं" म्हणत. एकदा आमचा उतार त्यांनी पुन्हा मोजायला लावला. थोडा कमीच निघाला.

शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, देवघरातली उदबत्ती मागितली आणि काचेच्या कडेकडेनं फिरवली. कुठे फट असती तर धूर वाकडा झाला असता. धूर सरळ वर गेला, काकूंच्या वेणीसारखा. कितासावा-साननी उदबत्तीला वाकून नमस्कार केला. इथली रीत अशी की पहिली ज्योत घरच्या माणसानंच लावायची. काकूंनी भिंतीला, काचेपासून लांब, हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं. आधी निळी, मग हळूहळू केशरी, झाडावरच्या त्या फळांच्या रंगाची. मग काका कितासावा-सानना जपानीत म्हणाले, "या पोराच्या डोक्यालाही असाच एक पाइप बसवून द्या हो." सगळे हसले. मीही हसलो, मनापासून हसलो, काय सांगू.

इथे हे संपायला हवं होतं. पण खरा बर्फ पडला आणि काकांचा फोन आला की फायरप्लेस आपोआप बंद पडतेय, पुन्हा लावली की पुन्हा बंद. आम्ही गेलो. मी घराला वळसा घालून मागे गेलो आणि थबकलो. चहूकडे पांढरं आणि पाइपाच्या तोंडापाशी एक हिरवा दिवा लावल्यासारखं काहीतरी चमकत होतं. काकूंची तुळस! उपड्या बादल्यांवर कुंडी, भोवती पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू, कपड्यांच्या चिमट्यांनी पाइपाच्या तोंडालाच बांधलेला. आत वाफ, पानांवर थेंब, तुळस टवटवीत. इतकं सुंदर मी या देशात काही पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की शेकोटीनं सोडलेला श्वास त्या तंबूत कोंडून पुन्हा तिच्याच पोटात जात होता. यंत्र शहाणं, म्हणून बंद पडत होतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. "काकू, जीव गेला असता ना!" एवढं त्यातलं चांगलं वाक्य. काकू शाल गुंडाळून बर्फात उभ्या. म्हणाल्या, "आवाज खाली. संक्रांत लांब आहे, पण गोड बोलायची सवय आत्तापासून कर." आणि मग हळूच, "ती थंडीनं काळी पडत होती रे. गेल्या वर्षीची घरात ठेवली तर उजेडाअभावी गेली. या घरातली ऊब बाहेर पडते ती एवढीच जागा. मी काय करायला हवं होतं?" प्लॅस्टिक मी काढलं. कितासावा-साननी पाइप, ज्योत, आतली हवा, सगळं पुन्हा तपासलं, सगळं ठीक होतं. पण उघड्यावर तुळस थरथरत होती आणि आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो.

मी म्हणालो, "मी नेतो. थंडी सरेपर्यंत सांभाळतो." दुकानाच्या माडीवर माझी खोली आहे, दक्षिणेला मोठी काच, आणि खाली दिवसभर हीटर तपासत असतात म्हणून पायाखालची जमीनही कोमट. काकू म्हणाल्या, "तू? तुला शेवटपर्यंत काय जमतं?" अनघा, ते तुझे शब्द होते. मराठीत, पण तुझेच. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे आणि बहुतेक पहिल्या चहापासूनच माहीत होतं. त्यांनी कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. पानं गळतात."

तेव्हापासून ती माझ्या खिडकीत आहे. सकाळी ऊन आधी तिच्यावर येतं, मग माझ्या अंथरुणावर. मंजिऱ्या आल्यात. कितासावा-सानच्या बायकोला ती बेझिल वाटते. परवा कात्री घेऊन आल्या, पास्त्यात घालायला चार पानं हवी होती. मी ओरडणारच होतो, पण पानं गळतील म्हणून इतकं हळू बोललो की त्यांना ऐकूच आलं नाही. मग कुंडीपुढे हात जोडून दाखवले. त्यांनी कात्री मागे लपवली आणि त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. तुळशीमुळे मी इथे शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होत चाललोय, तुझा विश्वास बसणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल काकूंचा फोन आला. रविवारी पाहुणे येतायत, त्या दिवशी तुळस घरात हवी, "कोणीतरी येईल न्यायला" म्हणाल्या. कोण ते म्हणाल्या नाहीत. तर आधी कामाचं ऐक. रविवारी घर भरलेलं असेल. वाटेतला बर्फ पाइपाच्या तोंडाशी कुणाला टाकू देऊ नकोस आणि काकांना तिथे झेंडूचं तोरण लावू देऊ नकोस, त्यांच्या डोक्यात आहे ते. शेकोटी आपोआप विझली तर पुन्हा पुन्हा लावायची नाही, कितासावा-सानना बोलवायचं. कुणाचं डोकं दुखायला लागलं किंवा अलार्म वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर, मग बाकीचं. एवढं तुझ्यावर सोपवतो, कारण त्या दिवशी मी तिथे नसेन. आणि आता दुसरं. तुला प्रथमेशला हो म्हणायचं असेल तर काकांना गाडी घेऊन पाठव. मी कुंडी पुढच्या सीटवर ठेवीन, तिला पट्टा लावीन, पाणी किती घालायचं ते सांगीन आणि एक शब्द जास्त बोलणार नाही. आवाजही चढवणार नाही, हे मी आता करू शकतो. आणि तसं नसेल, तर तुळस न्यायला तू ये. स्टेशनासमोरून वर बघ, काचेवर दव असतं, पण मी खिडकी पुसून ठेवीन. रस्त्यावरूनही हिरवं दिसेल.

तुझाच, खिडकी पुसत बसलेला,
अव्या