उलट्या तारांची गिटार

माले, ता. मुळशी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. ओम,

आशीर्वाद. तू आणि सूनबाई शुभांगी भूगावला सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईकडून कळलं. इकडे भात निसवलंय, लोंब्या आल्यात. तिचा गुडघा बरा आहे. इथपर्यंत रीतीचं झालं. आता पुढचं नीट वाच. बोटानं वर सरकवू नकोस, कागद सरकत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि माझा राग तिथेच विझतो. हा राग मला विझू द्यायचा नाही.

माझी गिटार तू कुणाला विचारून दिलीस?

खंडेनवमीला मी ती पाटावर मांडली होती. कोयता, पहार, माझा मोजमापाचा जुना व्हर्निअर आणि शेजारी गिटार. तुझ्या आईनं तिला झेंडूचा हार घातला. तू हसलास. म्हणालास, "बाबा, हे पण अवजार का?" दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी पौडला गेलो तेवढ्यात तू पूजेतून ती उचललीस. कुंकवासकट गाडीत टाकलीस आणि पुण्याच्या दुकानात एक्सचेंज ऑफरमध्ये देऊन आलास. संध्याकाळी अख्खी आळी सोनं द्यायला आलेली, त्यांच्यासमोर फीत लावलेला खोका माझ्या हातात दिलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "छान आहे" म्हणालो. चार माणसांत तुझं तोंड पडू नये म्हणून म्हणालो, आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडलोय.

नवी गिटार चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पण जुनी वाईट होती असं तुला कुणी सांगितलं? एकतीस वर्षं मी पिरंगुटला टूलरूममध्ये फिटर होतो. चांगलं काम मला किमतीवरून कळत नाही, हात फिरवून कळतं. ती घरी आणली त्या दिवशी दांडीच्या जोडात फट मोजायचा फीलर गेज घालून बघितला होता. सगळ्यात पातळ पातंसुद्धा आत शिरलं नाही. दांडीवरच्या पट्ट्यांच्या कडा अशा घासलेल्या, की तळहात फिरवला तरी कुठे टोचायचं नाही. एकदा सुरात लावली की चार-चार दिवस हलायची नाही. तुझ्या त्या पळायच्या बुटांपेक्षा स्वस्त होती. पण ज्या कुणी ती बनवली, त्यानं अंगचोरी केली नव्हती.

बरं, स्वस्त-महाग राहू दे. तुझी नवी गिटार मला वाजवताच येत नाही.

माझ्या गिटारीच्या तारा उलट्या होत्या. इतरांची जाड तार जिथे असते, तिथे माझी बारीक. टोकाची खाचांची पट्टी मी पितळेची घडवून बसवली, त्यात माझे तीन रविवार गेले. खांद्याच्या पट्ट्याची खुंटी काढून दुसऱ्या बाजूला लावली. शुभांगीनं भाबडेपणानं तुझ्या आईला सांगितलं, की दुकानदारानं तारा उलट्या का म्हणून विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "बाबांना नीट लावता येत नसतील."

नीट लावता येत नसतील!

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली, तेव्हा तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतास. त्या हातानं तारा दाबता येत नाहीत. म्हणून मी उजव्यानं दाबतो आणि डाव्यानं छेडतो. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. भूगावला जाण्याआधी चार वर्षं तू याच घरातून कामावर जात होतास आणि मी पडवीत बसून वाजवत होतो. गिटार विजेवरची, हेडफोन मी लावायचो, तुला ऐकू येत नव्हतं, मान्य. दिसत तर होतं ना? बाप कुठल्या हातानं वाजवतो, हे तू एकदाही बघितलं नाहीस.

आता निघालंच आहे तर तेही लिहून टाकतो. बोटं गेली त्यानंतर वर्षभर मी रोज दुपारी धरणाकडे जायचो. बाबांना मोकळी हवा लागते, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. हवा कुणाला हवी होती? एके दिवशी मी काठावर चपला काढून ठेवल्या. पीरमहंमद मला शोधत आला नसता, तर त्या तिथेच राहिल्या असत्या. तो माझ्या शेजारच्या लेथवर होता, लग्नसराईत वरातीत बँजो वाजवायचा. म्हणाला, "चपला घाल. घरी बँजो हाय, हात लावून बघ." बँजो काही जमेना. तेव्हा तोच म्हणाला, "भैरू, गिटार घे. लई सोपी न्हाई, पर उलटी धरलीस तर तुजी धड बोटं कामाला येत्यात." दोघं जाऊन ती घेऊन आलो. त्यानंतर मी धरणाकडे गेलो नाही.

हे तुझ्या आईला माहीत नाही. तिला सांगू नकोस.

काल पीरमहंमदनं दुकानात फोन केला. गिटार अजून तिथेच आहे. शनिवारपर्यंत ठेवतो म्हणाले. शनिवारी तुला सुट्टी असते. अकरा वाजता दुकानात ये. मी नवी गिटार घेऊन येतोय, ती परत करायची आणि माझी सोडवायची. पण त्याआधी मी ती तिथेच स्पीकरला जोडून वाजवणार आहे. गिऱ्हाइकं असली तर असू देत. तू समोर उभा राहायचंस. माफी मागू नकोस, ती तू व्हॉट्सॅपवर टाकून मोकळा होशील. वाहवा तर अजिबात नको. वाजवणं संपेपर्यंत फक्त माझ्या हातांकडे बघ, दोन्ही.

अजूनही तुझाच बाप,
भैरू