पहिल्या जोडीदाराच्या नावे

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बर्फावरची जोडीची स्केटर आणि नंतर प्रशिक्षक, हे कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहिते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची या कामी गरज पडू नये.

१. राहते घर भाचीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो तिने आधी दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर खालचे भाडेकरू रोज डोके खातील.

२. काचेची भांडी कोणालाही द्यावीत, धाकट्या वहिनीला नाही. तिने चारचौघांत माझ्या पदकाला बरणीचे झाकण म्हटले होते. वहिनी, मी विसरलेले नाही.

३. स्केटच्या पात्यांना धार लावायचे यंत्र मी शिकवते त्या बर्फाच्या रिंकला.

४. पदक आणि माझी सर्व शिल्लक माझ्या पहिल्या जोडीदाराला द्यावी. कारण लिहिताना लाज वाटते. एकदा सरावात मला डोक्यावर उचललेले असताना त्याचे पाते अडकले. अशा वेळी खालच्याने वरच्याला सोडायचे नसते, स्वतः खाली जायचे असते. तो तसाच गेला. मला खरचटलेसुद्धा नाही, त्याचा खांदा कायमचा गेला. त्याचे प्लॅस्टर निघायच्या आत मी दुसऱ्या जोडीदाराबरोबर बर्फावर उतरले. तेच संगीत, तोच कार्यक्रम. तो सगळा त्याने बसवलेला होता, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात टेबल बाजूला सारून. पदक मिळाल्यावर वार्ताहराने विचारले, रचना कोणाची? मी म्हणाले, माझी.

पुढे तो याच रिंकवर बर्फ सारखा करायचे यंत्र चालवू लागला. इतकी वर्षे आमचे बोलणे बर्फ कडक आहे की मऊ, एवढ्यावरच. तो कार्यक्रम मी प्रत्येक नव्या जोडीला ‘माझा’ म्हणून शिकवते आणि तो काठावर यंत्र थांबवून बघत असतो. मला मान वर करवत नाही. म्हणून हे तोंडाने न सांगता कागदावर सांगते आहे, आणि तेही मी नसताना वाचले जाईल अशा बेताने.

५. कलम चार रद्द समजावे. पदक रिंकला, शिल्लक भाचीला.

आज साक्षीला शेजारचे डॉक्टर आले. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाई खाली बर्फावर जाऊन नेमक्या माझ्या पहिल्या जोडीदारालाच घेऊन आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मग कागद वाचून म्हणाल्या, ज्याला मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. त्याने चष्मा लावून चौथे कलम सावकाश वाचले. धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले.

तो म्हणाला, “हे खोडा. मी सही करतो.” मग माझ्याकडे वळून, “मेल्यावर कशाला सांगतेस? उद्या सकाळी पोरांना सांग. मी असेन तिथे.”

मी हो म्हटले आहे. दोघांच्या समक्ष म्हटले आहे, याची नोंद असावी. सही माझीच आहे.

स्थळ: रिंकची वरची खोली
दिनांक: हंगामातल्या शेवटच्या सरावाचा आदला दिवस

लिहून देणार: प्रशिक्षक (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. माझा पहिला जोडीदार. कार्यक्रमाची रचना त्याची (सही)