अण्णांचा कान आणि माझं विमान

२ एप्रिल
वैमानिकाचं लायसन्स मिळून आज महिना झाला. संकल्प : आता नुसतं फ्लाइंग क्लबभोवती घिरट्या घालायच्या नाहीत. महिनाअखेरच्या शनिवार-रविवारी घरच्यांना विमानानं डोंगरात न्यायचं. बसनं घाट चढायला अर्धा दिवस जातो आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. विमानानं फार तर दीड तास.
जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, नक्की ना? लेक म्हणाली, खिडकीची सीट माझी. (सगळ्याच खिडकीच्या आहेत.) सासरे, म्हणजे आमचे अण्णा, उठून वर गेले. अण्णा वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण डोंगर वरून कधी पाहिला नाही. थोड्या वेळानं नकाशा घेऊन खाली आले. म्हणाले, जावईबापू, ही नदी इथं अशी का वळते ते मी मुलांना तीस वर्षं सांगत आलो. खरंच वळते का, ते एकदा बघायचंय.
चार सीट, चार माणसं. देवानंच हिशोब जुळवलाय.

५ एप्रिल
क्लबात गेलो. आमच्या कॅप्टनबाई फार शिस्तीच्या. डोंगरातली धावपट्टी उंचावर आहे, हवा विरळ, म्हणून प्रत्येकाचं वजन आधी कळवा म्हणाल्या. विमान जुनं. क्लबात त्याला 'म्हातारी' म्हणतात. म्हातारीच्या अंगावर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे.
माझं वजन सांगितलं चौऱ्याहत्तर. खोटं नाही. लग्नात तेवढंच होतं. माहिती जुनी आहे एवढंच.

९ एप्रिल
अण्णांनी साखर सोडली! विमानावर माझा भार नको म्हणे. दिवसातून चार वेळा जिना चढउतार करतात. तीन किलो उतरले. मला विचारलं, तुमचं किती उतरलं? म्हटलं, चालू आहे.
त्यांच्या वाटणीचा केक उरतो. अन्न टाकू नये अशी आपली शिकवण. मी खातो.

१३ एप्रिल
माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो. एक्याण्णव. काटा बिघडलाय. नर्सला उभं केलं. तिचं बरोबर आलं. म्हणजे काटा अधूनमधून बिघडतो.
तरी खरा आकडा धरून कागदावर बेरीज केली. एक माणूस जास्त होतंय.
उपाय : दोन आठवड्यांत सतरा किलो कमी करणं. डॉक्टर म्हणून हा सल्ला मी कुणालाच देणार नाही, मग स्वतःला कसा देऊ? दुसरा उपाय, हिला खरं सांगणं. ती हसेल, आणि मग तिच्या बहिणींना फोन करून हसेल. तिसरा उपाय, एक माणूस कमी करणं. हिला वगळता येत नाही. लेकीला वगळलं तर ती घर डोक्यावर घेईल. माझ्याशिवाय विमान उडत नाही.
डोकं दुखतंय. लवकर झोपतो.

१४ एप्रिल
अण्णा आपणहून दवाखान्यात आले. म्हणाले, घरातच कानाचा डॉक्टर आहे, उडण्याआधी कान बघून घ्या. बघितले. विशीतल्या पोराचे असावेत असे पडदे. स्वच्छ, चकचकीत.
म्हटलं, उजवा पडदा जरा नाजूक दिसतोय.
आता, पडदा सगळ्यांचाच नाजूक असतो. वैद्यकीयदृष्ट्या वाक्यात चूक नाही. छोट्या विमानात मात्र नको म्हटलं.
त्यांनी कान हळूच चाचपला. मग म्हणाले, बरं झालं आधीच बघितलंत. दुसरा कुणी असता तर नीट पाहिलंही नसतं. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड वाटला. तीन किलो उतरवूनही.

१७ एप्रिल
अण्णा आंघोळीला कानात कापूस घालून जातात. रेडिओ इतका हळू की त्यांनाच ऐकू येत नाही. तेही ठीक होतं. आज कळलं की त्यांनी पोहायला जाणंही बंद केलंय. पंचवीस वर्षांची सवय. म्हटलं, अण्णा, पोहायला काही हरकत नाही. म्हणाले, नको, काही झालं तर उगाच तुमच्यावर बोल यायचा.
रात्री जेवण गेलं नाही. (वजनाच्या दृष्टीनं चांगलंच.) नंतर थोडा केक खाल्ला.

२१ एप्रिल
अण्णांनी स्वतःच तोड काढली. ते बसनं वर येणार. त्यांनी विचारलं, घाट चढताना कानाला त्रास? म्हटलं, बस हळू चढते. म्हणाले, तुम्ही म्हणता म्हणजे झालं.
संकल्प : पुढच्या वर्षी फक्त अण्णांना घेऊन उडायचं. दोघंच. नदी दाखवायची. हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ठरवल्यावर बरंच हलकं वाटलं.

२६ एप्रिल, शनिवार, दुपार
डोंगराच्या पायथ्याच्या छोट्या धावपट्टीवर बसून लिहितोय. सकाळचं सगळं क्रमानं लिहायला हवं.
अण्णा बसच्या आधी आम्हाला निरोप द्यायला क्लबाच्या धावपट्टीवर आले होते. नवा स्वेटर, कानात कापूस. कॅप्टनबाईंनी सामान तोलायचा काटा पुढे ओढला आणि म्हणाल्या, एकेक जण उभे राहा, आमचा नियम आहे. ही उभी राहिली, लेक राहिली. मग मी. एक पाय जमिनीवर ठेवायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, दोन्ही.
काटा सगळ्यांनी पाहिला. ही म्हणाली, हे काय? म्हटलं, बूट. ती म्हणाली, सतरा किलोचे बूट? लेक खिदळली.
मग हसणं थांबलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांच्या कानाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं एक शब्दही न बोलणं मी आज पहिल्यांदा ऐकलं.
कॅप्टनबाईंनी पेन्सिलीनं गणित केलं. सामान नको, नाहीतर माणसं नकोत, आणि उन्हानं वरची हवा आणखी विरळ होते, तुम्ही एकटेच गेलात तर उत्तम, म्हणाल्या. हिनं बॅग उचलली, लेकीचा हात धरला आणि म्हणाली, अण्णा, बस किती वाजता?
मीही बसनं येतो असं म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण अण्णाच मध्ये पडले. म्हणाले, तुमची इतक्या दिवसांची हौस आहे, आमच्यासाठी मोडू नका, वर भेटूच.
वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये. उडालो.
परवानग्या मिळून निघायला दोन-तीन तास गेले होते, तोवर खिंडीत ढग दाटले होते. पांढरी भिंतच. अनुभवी वैमानिक अशा वेळी परत फिरतो. मी फिरलो. खाली घाटात एक बस दिसली. बहुतेक त्यांचीच. ती न थांबता सरळ ढगात शिरली.
इथं उतरलो. वारा वाढलाय, आज पुन्हा उडता येणार नाही. एक बाकडं आहे आणि एक कुत्रं. हिचा एका ओळीचा निरोप आला : पोचलो, वर लख्ख ऊन आहे.

२७ एप्रिल, रविवार
हिचा फोन. आवाज बातम्या वाचल्यासारखा. वर एक निवृत्त वैमानिक आजोबा राहतात. सकाळी ते पाहुण्यांना आपल्या विमानातून एक फेरी मारून आणतात. हिला आणि लेकीला नेलं. अण्णांना म्हणाले, मास्तर, तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा, नदी दाखवतो. अण्णा म्हणाले, आमचे जावई कानाचे डॉक्टर आहेत, त्यांची मनाई आहे. खूप आग्रह झाला. तरी नाही म्हणाले. दोघींचे स्वेटर हातात धरून खाली उभे राहिले आणि विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होते.
लेकीनं वरून नदी पाहिली. उतरल्यावर अण्णांना सांगितलं, आजोबा, खरंच वळते.
मग ही म्हणाली, अण्णांना तू सांगणार आहेस की मी सांगू? म्हटलं, मी.
वारा पडल्यावर एकटा घरी उडालो. मागे-शेजारी तीन सीट रिकाम्या. म्हातारी पिसासारखी उचलली गेली.

२८ एप्रिल, सोमवार
अण्णांना दवाखान्यात बोलावलं. घरी बोललो असतो तर ही दाराआड असती. कान तपासले. मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, अण्णा, तुमचा कान ठणठणीत आहे. पहिल्यापासून होता. काहीही झालेलं नव्हतं.
त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही का? मी म्हटलं, छे, छे! ते म्हणाले, तुमच्या सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा डॉक्टर असंच सांगत होते, सगळं ठणठणीत आहे म्हणून. तुम्ही माझ्यापासून लपवू नका.
मग सगळंच बोलून टाकलं. माझं वजन, चौऱ्याहत्तर, एक माणूस जास्त, सगळं. घाम फुटला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, दोष स्वतःकडे घेऊ नका डॉक्टर. माझं मन राखण्यासाठी एवढं कशाला? फक्त औषध असेल तर सांगा.
पुन्हा सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. शेवटी मी पॅड पुढे ओढलं. मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले. सकाळ-संध्याकाळ दोन, एक महिना. मग पोहणं, विमान, सगळं चालेल म्हटलं. एकदम खुलले. बाहेर जाताना बाकावरच्या पेशंटना सांगत होते की आत निर्धास्त जा, माणूस फार सरळ आहे.
थोडा वेळ कुणालाच आत घेतलं नाही.
संध्याकाळी हिनं विचारलं, सांगितलंस? म्हटलं, सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.
ही म्हणाली, मग ते वर कुशीवर झोपून कानात कसले थेंब घालतायत?